दुपट्याचं डिझाइन

१

दारव्ह्यात माणूस गेला की तेरवीच्या आधी त्याच्या घरचं कुणीतरी माझ्या दुकानाची पायरी चढतं. हातात आधार कार्ड असतं, नाहीतर कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो. त्या घोळक्यातून गेलेल्या माणसाला मी बाहेर काढतो. शेजारच्याचा खांदा छाटायचा, मागचा मांडव पुसायचा आणि जे रिकामं राहील ते भरायचं. अंगात कोट भरायचा, पाठीमागे निळं आभाळ भरायचं. हयातभर धोतरावर राहिलेली माणसं मी टाय लावून भिंतीवर टांगली आहेत आणि त्यांच्यापैकी एकानंही अजून येऊन तक्रार केलेली नाही.

कापलेल्या जागी संगणक पांढऱ्या-राखाडी चौकड्या दाखवतो. तो रंग नव्हे. इथे काहीच नाही, एवढं सांगायची त्याची ती रीत आहे. एका बाईनं सासऱ्याचा अर्धवट फोटो पाहिला आणि म्हणाली, "बुढ्याले चौकडीचा टावेल काहून गुंडायला?" मी दिवसभर हसत होतो. पण खरं सांगायचं तर त्या चौकड्या मला कधी आवडल्या नाहीत. आधी त्या भरून टाकायच्या, बाकीचं काम मग.

भरण्यासाठी बादलीचं चित्र असलेलं एक बटण असतं. त्यात साधा रंग घ्या, नाहीतर कापडाचं डिझाइन घ्या. साड्यांची डिझाइनं मी स्वतः जमवली आहेत. कापड स्कॅनरवर पसरायचं, त्यातला एक चौकोन घ्यायचा, त्याला नाव द्यायचं, झालं. बादली ओतली की तेवढी जागा त्या डिझाइननं भरते. मात्र भरलेलं डिझाइन सपाट असतं, खोलीत फरशी बसवल्यासारखं. चुण्या आणि सावल्या मागाहून हातानं घालाव्या लागतात. एवढं लक्षात असू द्या.

२

माझ्या यादीत सगळ्यात शेवटी 'खुशी' नावाचं एक डिझाइन आहे. हिरव्या जमिनीवर बारीक पिवळी फुलं.

माझ्या सासूनं जुन्या सुती लुगड्याचं एक जाडसर दुपटं शिवलं होतं, नातीसाठी. माझी बायको निशिगंधा एकदा पोरीला घेऊन दुकानात आली तेव्हा मी ते सहज स्कॅनरवर पसरलं. खुशी आईच्या मांडीवर हातपाय झाडत होती आणि यंत्रातली उजेडाची रेघ सरकेल तिकडे डोळे फिरवत होती. मी रेघ चार वेळा उगीचच सरकवली.

फोटोवाल्याची पोरगी, पण तिचा एकही फोटो नाही. आमच्याकडे जावळ काढल्याशिवाय लेकराचा फोटो काढत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. मी असलं काही मानत नाही. एकदा चोरून मोबाइलवर काढलाही होता, पण त्याच संध्याकाळी तिला सर्दी झाली. सर्दी काय, सगळ्याच पोरांना होते, पण निशिगंधानं मला देवापुढे उभं करून तो पुसायला लावला. मी म्हटलं, ठीक आहे बाई, चैत्रात वर्षाची झाली की जावळ आहे, त्या दिवशी कॅमेऱ्याचं कार्ड भरेपर्यंत काढीन.

पौषात तिला ताप आला. सकाळीच आम्ही जीपनं यवतमाळला निघालो. वाटेत ती निशिगंधाच्या मांडीवर झोपली. जीपमध्ये इतकी गर्दी होती की निशिगंधाचा पाय दुमडलेला तसाच राहिला आणि त्याला मुंग्या आल्या. तिचा चेहरा कळवळला. मी म्हटलं, "इकडे दे तिले." ती म्हणाली, "राहू द्या. आत्ताच झोपली. उठन."

ती उठली नाही.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याच दुपट्यात गुंडाळून, तोंडावर कापड ओढून तिला नेलं. बायका घरीच थांबल्या, रिवाज तसा आहे. निशिगंधानं शेवटचं जे पाहिलं ते कापड होतं, दारातून बाहेर जाणारं. पोर माझ्या हातात होती, पण मीही कापडच पाहिलं. मोठ्या माणसांनी ते उघडू दिलं नाही.

पुढे एकदा भाकरी थापता थापता निशिगंधाचे हात थांबले. "अवो," ती म्हणाली, "मले तिचं तोंड आठवून नाई राह्यलं. नाक कसं होतं तिचं? तुमाले तं आठवते न?"

मी हो म्हणालो. मग डोळे मिटून पाहिलं तर मलाही नीट दिसेना. तिचं रडणं आठवायचं, तिच्या टाळूचा वास आठवायचा, आणि तोंडाच्या जागी ते हिरवं कापड यायचं. त्या दिवसापासून निशिगंधाला एकच हवं होतं, तिचं तोंड एकदा पाहायचं होतं. ती ते माझ्याकडे मागायची. शेकडो मेलेल्यांचे चेहरे मी लोकांना परत दिले होते, मग माझ्याकडे नाही तर कुणाकडे मागणार होती?

३

होळीच्या आधी तांड्यावरचा भावसिंग आला. त्याची माय रुपीबाई गेली होती. फोटो एका पंगतीतला होता. म्हातारी खुर्चीवर बसलेली आणि मांडीवर जेवणाची पत्रावळ.

"तेवढी पत्रावय काढा, भाऊ," भावसिंग म्हणाला. "माय भितीवर जेवत बसली तं पाव्हने काय म्हनतीन?"

मी पत्रावळ कापली. चौकड्या दिसल्या. मी बादली ओतली आणि रुपीबाईच्या मांडीवर हिरव्यावर पिवळी फुलं पसरली.

संगणक मागच्या वेळचं डिझाइन धरून बसतो. मागच्या वेळी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मी 'खुशी' उघडून नुसता बघत बसलो होतो. चूक साधी होती, एका क्लिकमध्ये मागे घेता येते. मी बोट उचललंही होतं.

पण फुलं सपाट नव्हती. मधोमध ती एकमेकांपासून लांब गेली होती आणि कडेला दाटीवाटीनं एकमेकांत शिरली होती. कापडाखाली काही गोल असावं तशी.

डिझाइन ताणलं गेलं असेल, मी स्वतःला सांगितलं. मी फुलांचं माप कमी केलं. फुलं बारीक झाली, फुगवटा तेवढाच राहिला. माप वाढवलं. फुलं मोठी झाली, फुगवटा तेवढाच.

भावसिंग माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. "मायच्या मांडीवर लेकरू काहून देल्लं, भाऊ?"

"लेकरू नाही ते. कापड चुकलं."

"असू द्या न मंग." त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "तिच्या मांडीवर कोनाचं न कोनाचं लेकरू राहेच. आख्ख्या तांड्याचे पोट्टे तिनं खेयवले. रिकामी मांडी घेऊन बसलेली माय म्या कधी पाह्यलीच नाई."

मला त्याचं मन मोडवेना. प्रिंट काढली. कागदावर फुलं सरळ रांगांत होती, फरशीसारखी. भावसिंग कागदाकडे बघत राहिला, मग स्क्रीनकडे, मग माझ्याकडे.

"गेलं का?" त्यानं विचारलं.

मी फाइल बंद करून पुन्हा उघडली. आता स्क्रीनवरही सगळं सपाट होतं. मी रुपीबाईच्या साडीचं खरं डिझाइन भरून त्याला दुसरी प्रिंट दिली. तो पायरी उतरताना दोनदा थांबला.

४

मी बीएस्सी झालेला माणूस आहे. स्क्रीन खराब असेल, मी म्हटलं. दुकानातला दुसरा स्क्रीन लावला. प्रोग्राम पुसून नव्यानं टाकला. 'खुशी' डिझाइन कोऱ्या पानावर ओतलं, सपाट. भिंतीवर, सपाट. एका नवरदेवाच्या कोटावर ओतलं तर तो पोपटासारखा दिसायला लागला, पण सपाट. मला हायसं वाटलं. म्हातारीच्या फोटोत काहीतरी गडबड असणार.

ज्यांचा फक्त चेहरा मिळतो अशा बायकांसाठी माझ्याकडे एक तयार धड आहे, खुर्चीवर बसलेलं, मानेच्या वर काही नाही. त्याच्या मांडीवर मी बादली ओतली.

आधी फुगवटा आला. मग मी बघत असतानाच फुलं सरकत गेली आणि फुगवट्याच्या खाली दोन छोटे उंचवटे झाले. गुडघे. बाजूला एक टोक, कोपराएवढं. उघडं काहीच नव्हतं, सगळं कापडाच्या आत. इतर कुठलंही डिझाइन त्याच मांडीवर ओतलं की सपाट बसायचं.

मी कूलर बंद केला. कशासाठी, ते सांगता येत नाही. कदाचित काही ऐकू येईल म्हणून. बाहेर स्टँडवर कंडक्टर ओरडत होता, शेजारच्या रसवंतीचे घुंगरू वाजत होते, आणि आत यूपीएसची बारीक गुणगुण. त्या यूपीएसची बॅटरी मरायला टेकली होती. लाइन, म्हणजे वीज, गेली की थोडा वेळ टीं टीं करून तो जीव सोडायचा, आणि ती बदलायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो.

डोकं असावं त्या उंचवट्यावर, मधोमध, कापडाला एक खळगा पडला. अंगठ्याच्या पेराएवढा. तो भरून आला. पुन्हा पडला. कुणीतरी आतून कापड ओढून घेत होतं आणि सोडत होतं.

फोटो हलत नसतो. हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. मी मागे जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत आलो. खळगा पडत होता, भरत होता.

फाइल बंद करावी लागणार होती, दुकान काही रात्रभर उघडं ठेवता येत नाही. बंद करायचं बटण दाबताना मला रडू फुटलं. दाबल्यावर ती कुठे जाते, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला आणि मग तो गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं आणि गिऱ्हाइकाच्या आधी बादली ओतली. तिसऱ्या दिवशीही. दरवेळी ती थोडी मोठी झालेली असायची.

५

निशिगंधाला मी काहीच सांगितलं नव्हतं. एका दुपारी ती डबा घेऊन आली तेव्हा स्क्रीन उघडा होता. मी घाईनं तो बंद करायला गेलो, तर तिनं माझं मनगट धरलं. डबा तिच्या दुसऱ्या हातात तसाच होता.

तिनं ते मुंडकं नसलेलं धड पाहिलं. मांडी पाहिली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हे आपलं दुपटं हाये."

"डिझाइन आहे नुसतं," मी म्हणालो. "कापड कुठून येणार? प्रोग्रामचा काहीतरी..."

"तोंडावर काहून ओढलं?" ती म्हणाली. "गुदमरून राह्यली न थे. काढा न वो ते."

मी प्रोग्राममधला खोडरबर घेतला आणि खळग्याच्या जागी चालवला. कापड पुसलं गेलं तशी त्याखाली धडाची जुनी साडी दिसली, आणि त्याच क्षणी सगळी फुलं सपाट झाली. डोकं नाही, गुडघे नाहीत. निशिगंधाच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी याआधी एकदाच ऐकला होता, पौषात, दारात. मी क्लिक मागे घेतली, पुन्हा ओतलं, आणि फुगवटा परत आला. तेव्हा कुठे तिनं डबा खाली ठेवला.

"ही बाई कोन हाये?" तिनं धडाकडे बोट केलं.

"कुणीच नाही. विकत मिळते तसली."

"मंग माही पोरगी तिच्या मांडीवर कायले?"

मी तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. आम्ही दोघं स्टुलांवर बसून राहिलो. तिनं बोटानं काचेवर हलकेच थोपटायला सुरुवात केली, आणि खळगा पडण्याचा वेग कमी होत गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. डबा त्या दिवशी कुणी उघडला नाही.

६

चैत्रात, ज्या दिवशी जावळ काढायचं ठरलं होतं त्या दिवशी, निशिगंधा न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन दुकानात आली. पदरात एक नारळ होता.

"आता काढता येते फोटो," ती म्हणाली. "आजपासून कोनी नाई म्हनू शकत नाई."

मी तिला समजावलं. म्हटलं, हे बरं नाही, यानं तुझं डोकं फिरेल, माझं तर फिरलंच आहे. ती ऐकत होती आणि पदराच्या टोकानं नारळ पुसत होती.

"मले बाकी काई नाई पायजे," ती म्हणाली. "एक डाव तोंड पाह्यते. मंग तुमी म्हनान तसं."

मी शटर पार खाली ओढलं. माझ्या दुकानात पुढे काउंटर आणि संगणक, आणि जाड पडद्यामागे फोटो काढायची खोली. ती खोली बंदिस्त, दिवे बंद केले तर भर दुपारी हात दिसत नाही. निशिगंधा तिथल्या स्टुलावर बसली. मी कॅमेरा लावला तर तिनं दोन्ही हात पुढे घेतले, एक कोपरात दुमडून, एक खाली आधाराला. हातांत हवा होती.

"अशे ठेवते. तुमाले भराले सोपं जाईन."

मी फोटो काढला. कसा काढला ते विचारू नका. "ये आता बाहेर, स्क्रीनजवळ बस," मी म्हणालो.

"तुमी भरा आधी. मी अशीच बसते." तिनं हात हलवले नाहीत.

मी पडदा ओलांडून संगणकाशी आलो. या वेळी मी मांडीची जागा नुसती निवडली नाही, कापूनच काढली. तिची साडी खाली राहायला नको, मागच्यासारखं व्हायला नको म्हणून. हातांच्या मध्ये चौकड्या उघड्या पडल्या. मी यादीत अगदी खाली गेलो आणि बादली ओतली.

आता वाट बघावीच लागली नाही. फुलं ओतली तशीच उठली. पूर्ण लेकरू होतं, वर्षाच्या पोरीएवढं, आईच्या हातात अगदी बरोबर मावलेलं. डोकं तिच्या कोपराच्या खळग्यात टेकलं होतं.

"अवो," पडद्यामागून आवाज आला.

"काय?"

"माह्या पायाले मुंग्या आल्या."

मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं. पडदा मध्ये होता. कूलरची हवा त्या पडद्याला हलवत होती आणि मी उठून पलीकडे बघायला हवं होतं, पण मी स्क्रीनकडेच बघत राहिलो.

स्क्रीनवर दुपट्याची कड सरकली होती. कानाजवळून, बोटभर. तिथून केस बाहेर आले होते. काळे, मऊ, जावळाचे, कधीच न कापलेले आणि आता कितीतरी लांब. त्यांत काळी माती अडकली होती.

७

कूलर थांबला. पडद्यामागचे दिवे गेले. यूपीएस टीं टीं करायला लागला.

"निशिगंधा!" मी ओरडलो. "लवकर ये! कापड सरकतंय. तोंड दिसेल आत्ता, ये!"

"कशी येऊ?" ती अंधारातून हळूच म्हणाली, मोठ्यानं बोलू नये तसं. "मांडीवर हाये न थे."

टीं, टीं. अंधारात स्क्रीन तेवढा उजळ होता. कड आणखी सरकली. केस दिसले, केसांची कपाळावरची रेघ दिसली, आणि मग कापड हनुवटीच्या खाली गेलं.

केसांच्या रेघेपासून खाली चौकड्या होत्या. पांढऱ्या, राखाडी, स्वच्छ. आम्हा दोघांपैकी कुणालाच जे आठवत नव्हतं त्याच्या जागी काहीच नव्हतं. आणि त्या चौकड्यांच्या मधोमध अंगठ्याच्या पेराएवढा खळगा पडत होता, भरत होता, पडत होता.

यूपीएसनं एक लांब टीं केलं आणि स्क्रीन गेला.

दुकानात काळोख झाला. बाहेर रसवंती चालूच होती, तिचे घुंगरू ऐकू येत होते.

"लाइन गेली?" निशिगंधानं विचारलं.

"गेली."

"तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं," मी म्हणालो.

"कोनासारखी हाये?"

"तुझ्यासारखी."

"नाक?"

"नाक तुझंच. शेंड्याला जरा बसकं."

"हो न? मले वाटलंच होतं." ती ओल्या आवाजात हसली. "आन् डोये?"

"डोळे मोठे. पापण्या लांब. डाव्या भुवईत बारीकसा तीळ." तीळ होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मला फक्त माहीत होतं की थांबायचं नाही. मी गाल सांगितले, ओठ सांगितले, हनुवटीवरची खळी सांगितली. एकही जागा मी तशी ठेवली नाही. आसवं नाकावरून ओघळत होती आणि मी पुढे सांगत होतो.

पडद्यामागून थोपटण्याचा आवाज येत होता. निशिगंधाची साडी त्या दिवशी पातळ रेशमी होती. हा आवाज जाड, मऊ, सुती कापडावर हात पडल्याचा होता.

"हसली का तुमच्याकडे पाहून?" तिनं विचारलं.

"झोपली होती."

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "लाइन येईपर्यंत झोपू द्या तिले."

मी काउंटरला धरून अंधारात उभा राहिलो. दारव्ह्यात उन्हाळ्यात लाइन कधी लगेच येते, कधी दिवस मावळेपर्यंत येत नाही. मी कधी कुठल्या देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दुपारी मागितलं, की आज येऊ नये.